ग्रंथालयाचा संगणक अतिशय मंद झाला आहे: हार्ड डिस्कची कोणती देखभाल करावी?

ओसरी

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात मी आठवड्यातून चार दिवस विनामोबदला काम करते. वाचनालयाचा एकमेव संगणक २०१६ साली घेतलेला आहे. त्यात १ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम आणि विंडोज १० आहे. गेल्या सहा वर्षांत आम्ही या संगणकावर गावातून पूर्वी निघणाऱ्या एका साप्ताहिकाचे अंक, वाचनालयाच्या जुन्या दाखल-नोंदवह्या आणि काही घराण्यांनी विश्वासाने दिलेली मोडी कागदपत्रे स्कॅन करून ठेवली आहेत. एकूण पाने ३०,०००च्या आसपास आहेत. प्रत्येक पान ए-४ आकाराचे, ३०० डीपीआयचे, रंगीत आणि टिफ स्वरूपात असून फाइल सुमारे २५ एमबीची होते. डिस्कची क्षमता विंडोज ९३१ जीबी दाखवते आणि त्यातील ३४ जीबी जागा आता शिल्लक आहे.

सकाळी संगणक चालू केल्यापासून त्यावर काम करता येईपर्यंत अकरा-बारा मिनिटे जातात. स्कॅनचा फोल्डर उघडला की हिरवी पट्टी सरकत राहते आणि मधूनच सगळा पडदा गोठतो. माऊस फिरतो, पण टिचकी मारलेले काहीच उघडत नाही. दुपारी कोणी काम करत नसतानाही डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे १०० टक्के दिसते, प्रोसेसरपुढे मात्र दहा-पंधरा टक्केच.

आतापर्यंत मी दर शनिवारी साफसफाईचा एक प्रोग्रॅम चालवत आले आहे. तो तात्पुरत्या फाइल्स, लघुचित्रांचा साठा आणि रजिस्ट्रीतील (विंडोज आपल्या मांडण्या जेथे नोंदवते त्या साठ्यातील) नको असलेल्या नोंदी पुसतो. त्याने फरक पडला नाही, उलट सोमवारी संगणक जास्तच रेंगाळतो असे मला वाटते. दुरुस्तीच्या दुकानात विचारले, तेव्हा ‘फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळेल’ असे सांगण्यात आले. आमच्या एका सदस्यांचे मत डीफ्रॅगमेंट करावे असे आहे, तर दुसऱ्यांच्या मते सी ड्राइव्ह लहान करून स्कॅनसाठी वेगळा डी ड्राइव्ह काढावा.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. मागच्या पावसाळ्यात कपाटाच्या मागील भिंतीला ओल आली आणि साप्ताहिकाच्या १९६२ ते १९६५ या चार वर्षांचे बांधीव खंड वाळवीने खाल्ले. ती पाने आता फक्त या संगणकात आहेत आणि त्यांची दुसरी प्रत आम्ही अद्याप केलेली नाही. वरीलपैकी कोणता उपाय आधी करावा, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

सुतारपक्षी

आपण शेवटी लिहिलेली गोष्ट मी सर्वांत आधी घेतो. त्या पानांची दुसरी प्रत तयार होईपर्यंत या डिस्कवर फॉरमॅट, डीफ्रॅगमेंट, विभाजन किंवा चेकडिस्क (डिस्कवरील चुका शोधून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा) यांपैकी काहीही करू नये, आणि कोणालाही करू देऊ नये. संगणक मंद होण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यातले एक कारण डिस्क आजारी असणे हे आहे, आणि डिस्क खरोखर आजारी असेल तर आपल्याला सुचवलेला प्रत्येक उपाय तिला अखेरच्या टप्प्याकडे ढकलणारा आहे. डीफ्रॅगमेंट म्हणजे फाइल्सचे विखुरलेले तुकडे सलग लावण्यासाठी हजारो फाइल्स एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लिहिणे. विभाजन लहान करतानाही हेच घडते. निरोगी डिस्कला याचे काही वाटत नाही, पण जिची वाचण्याची ताकद कमी होत चालली आहे तिला हे श्रम झेपतीलच असे नाही.

तेव्हा पहिले काम प्रकृती पाहण्याचे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवून घ्यावा. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या बिघाडांची मोजदाद आत ठेवत असते, आणि हा प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. डिस्कवर तो काही लिहीत नाही, म्हणून निर्धास्तपणे चालवावा. यादी लांब असली तरी चार ओळी पुरेत. ०५ क्रमांकापुढे किती सेक्टर (डिस्कवरील मजकूर साठवण्याचे लहान कप्पे) निकामी ठरवून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले गेले ते कळते. सी५पुढे जे वाचता आलेले नाहीत आणि ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे असे सेक्टर मोजलेले असतात. सी६ तपासणीतही न वाचले गेलेले सेक्टर दाखवते. सी७ केबलमध्ये झालेल्या चुका मोजते. ही शेवटची संख्या मोठी असून बाकीच्या तिन्ही शून्य असतील, तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो आणि नवी केबल बसवून भागते.

त्याबरोबर आणखी दोन ठिकाणी पाहावे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्क निवडली की वापराच्या टक्केवारीखाली सरासरी प्रतिसादाची वेळ आणि वाचनाचा वेग दिसतो. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते, म्हणजे हवा असलेला सेक्टर हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यास सरासरी ४ मिलिसेकंद आणि हेड त्या पट्ट्यावर जाण्यास साधारण ८ ते १० मिलिसेकंद लागतात. अशा विखुरलेल्या वाचनात निरोगी डिस्कसुद्धा सेकंदाला सत्तर-ऐंशीच मागण्या पुऱ्या करू शकते. मागण्यांची रांग लागली की प्रतिसादाची वेळ पन्नास-शंभर मिलिसेकंदांवर जाणे स्वाभाविक आहे. परंतु वेग सेकंदाला एक-दोन एमबी असताना प्रतिसादाची वेळ हजाराच्या घरात जात असेल, तर डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत अडून बसली आहे असे समजावे. दुसरे ठिकाण म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिमच्या नोंदी. तेथे ‘डिस्क’ या स्रोताच्या ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी आहेत का ते पाहावे. ७ म्हणजे खराब सेक्टर सापडला, आणि १५३ म्हणजे वाचन-लेखनाची मागणी पुन्हा करावी लागली.

आकडे येथे लिहावेत. मग पुढचे बोलता येईल.

घाटवाट

सुतारपक्षी यांचे म्हणणे योग्यच आहे, पण रॅमचा मुद्दा सुटू नये म्हणून लिहितो. विंडोज १० आणि ४ जीबी रॅम असलेल्या यंत्रावर २५ एमबीच्या पाच-सहा प्रतिमा, स्कॅनरचा प्रोग्रॅम आणि ब्राउझर एकाच वेळी उघडले, की रॅम पुरत नाही आणि विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवरील पेज फाइलमध्ये हलवू लागते. दिसायला तो डिस्कचा दोष दिसतो, मूळ मात्र रॅमच्या टंचाईत असते. ताई, टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कमिटेड’पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा सतत ४ जीबीच्या वर राहत असेल, तर आणखी ४ जीबी रॅम बसवावी. २०१६च्या यंत्रात डीडीआर३ किंवा डीडीआर४ यांपैकी काहीही असू शकते आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, म्हणून जुनी पट्टी बरोबर घेऊनच दुकानात जावे.

ओसरी

दोघांचेही आभार. आज सकाळी सर्व पाहिले. क्रिस्टलडिस्कइन्फोने वर पिवळ्या रंगात सावधगिरीची सूचना दाखवली. ०५पुढे शेवटी २८, सी५पुढे १८, सी६पुढेही १८ आणि सी७पुढे शून्य आहे. डिस्क एकूण २१,००० तासांहून थोडी अधिक चालली आहे. फोल्डर गोठलेला असताना प्रतिसादाची वेळ १,८०० मिलिसेकंद होती आणि वेग सेकंदाला १ एमबीहूनही कमी होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ क्रमांकाच्या नोंदी गेल्या दीड महिन्यातल्या आहेत, त्याआधी एकही नाही. ‘कमिटेड’चा पहिला आकडा ५.३ जीबी दिसला.

वाचनालयाचा यूपीएस दोन वर्षांपासून बंद आहे आणि उन्हाळ्यात वीज वारंवार जाते. याचा यात काही संबंध असेल का? तसेच १८ ही संख्या मला लहान वाटते. इतक्या मोठ्या डिस्कमध्ये १८ सेक्टर गेले, तर ते एवढे गंभीर आहे का?

सुतारपक्षी

प्रथम आकड्यांविषयी. हा प्रोग्रॅम मूळ संख्या सोळाच्या पायावर दाखवतो. त्यामुळे १८ म्हणजे एक सोळा अधिक आठ, आपले चोवीस, आणि २८ म्हणजे दोन सोळा अधिक आठ, चाळीस. या काळातील बहुतेक डिस्क प्रत्यक्षात ४,०९६ बाइटचे मोठे सेक्टर वापरतात, परंतु संगणकाला मात्र ५१२ बाइटचे सेक्टर असल्याचे सांगतात. म्हणून एक मोठा सेक्टर बिघडला की संख्या आठने वाढलेली दिसते. आपले चोवीस म्हणजे बहुधा तीन जागा.

तीन जागांनी सगळा संगणक कसा अडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. सेक्टर पहिल्या फेऱ्यात वाचता आला नाही, तर डिस्क हार मानत नाही. ती हेडची जागा किंचित बदलून पुढच्या फेऱ्यात पुन्हा वाचते, आणि असे करता करता घरगुती वापराच्या डिस्कचे एका सेक्टरवर कित्येक सेकंद जातात. तोपर्यंत बाकीच्या सर्व मागण्या रांगेत उभ्या असतात. मग विंडोज तीच मागणी पुन्हा करते आणि तेच चक्र फिरते. लघुचित्रे तयार करणारा, शोधसूची बांधणारा किंवा विषाणू तपासणारा प्रोग्रॅम त्या जागेवर आला की सगळा पडदा गोठतो. आपण वर्णन केलेले गोठणे हे आहे. रोजचा संथपणा त्याहून निराळा आहे. जवळजवळ भरलेली डिस्क आणि अपुरी रॅम ही त्याची कारणे असून घाटवाट यांचे निदान आपल्या ५.३ जीबीने खरे ठरवले आहे.

यूपीएसचा संबंध असू शकतो. सेक्टर लिहिला जात असतानाच वीज गेली, तर त्यातला मजकूर आणि पडताळणीचा संकेत यांचा मेळ राहत नाही आणि तो सेक्टर वाचता येत नाही. धातूच्या थराला अशा वेळी इजा झालेली नसते, पुन्हा लिहिले की तो सेक्टर बरा होतो आणि सी५मधून वजा होतो. फक्त सी५ असते तर मी इतकी काळजी केली नसती. परंतु ०५पुढील चाळीस सांगतात की काही जागा खरोखर निकामी होऊन बदलल्या गेल्या आहेत, आणि नोंदी गेल्या दीड महिन्यातच सुरू झाल्या आहेत. बिघाड वाढत आहे असे धरूनच चालावे.

दुकानदाराच्या फॉरमॅटविषयी आता सांगता येईल. दुकानात होते ते बहुधा झटपट फॉरमॅट. त्यात फाइल्सची अनुक्रमणिका नव्याने लिहिली जाते, डिस्कचा पृष्ठभाग तपासला जात नाही. त्यानंतर संगणक खरोखर पळतो, कारण नवी विंडोज डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ सलग लिहिली जाते. तेथे एका फेऱ्यात आतल्या पट्ट्यांच्या जवळजवळ दुप्पट मजकूर वाचला जातो, शिवाय सुरुवातीला उघडणारे इतर प्रोग्रॅमही नसतात. आजारी जागा मात्र आहेत तेथेच राहतात, आणि काही आठवड्यांनी डिस्क भरत गेली की तक्रार परत येते. आपल्या बाबतीत तेव्हा १९६२ची पाने परत मिळवण्यासारखी राहिली नसती.

प्रत करण्याची रीत अशी. २ टीबीची एक बाहेरची डिस्क घ्यावी आणि ती निळ्या यूएसबी खाचेत लावावी. काळी खाच बहुधा यूएसबी २ची असते आणि तीतून सेकंदाला तीस-पस्तीस एमबीहून अधिक वेग मिळत नाही, म्हणजे आपल्या ७३० जीबीला सहा-सात तास जातील. निळ्या खाचेतून हेच काम अडीच-तीन तासांत होण्यासारखे आहे, अर्थात डिस्क अडली नाही तर. काम सुरू करण्यापूर्वी ब्राउझर बंद करावा, शोधसूचीची सेवा थांबवावी आणि स्कॅनचा फोल्डर उघडू नये. माऊसने ओढून प्रत करू नये, कारण वाचता न येणारी फाइल आली की सगळी प्रक्रिया प्रश्न विचारत थांबते. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा वापरावी. पण तिच्यात एक मोठी मेख आहे. काही सांगितले नाही, तर ती न वाचल्या गेलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर प्रयत्नामध्ये तीस सेकंद थांबते, म्हणजे एका फाइलवर जवळजवळ वर्षभर अडून राहील. तेव्हा प्रयत्नांची संख्या १ आणि थांबण्याचा काळ १ सेकंद असे स्पष्ट लिहावे, आणि काय राहून गेले ते कळावे म्हणून नोंदीची फाइल तयार करण्याचा पर्यायही द्यावा. सर्वांत आधी १९६२ ते १९६५, मग मोडी कागद, मग बाकीचे. मोडी कागदांच्या मूळ प्रती मालकांना परत गेल्या असतील, तर त्यांचे स्कॅन पहिल्याच फेरीत घ्यावेत.

प्रत पूर्ण झाल्यावर दोन्हीकडील फाइल्सची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का ते पाहावे आणि अधूनमधून पंधरा-वीस पाने उघडून पाहावीत. त्यानंतर संगणक बंद करून येथे लिहावे.

कागदवेडा

मी स्वतः जुन्या कागदपत्रांच्या स्कॅनिंगचे काम करतो, म्हणून प्रत झाल्यानंतरच्या मांडणीविषयी लिहितो. वरचे काम होईपर्यंत यातले काहीही करू नये.

आपला साफसफाईचा प्रोग्रॅम सोमवारी संगणक जास्त रेंगाळण्याचे कारण आहे, असे मला निश्चित वाटते. विंडोज एकदा तयार केलेली लघुचित्रे साठवून ठेवते, जेणेकरून फोल्डर पुन्हा उघडल्यावर ती मूळ फाइलमधून नव्याने काढावी लागू नयेत. आपण दर शनिवारी तो साठा पुसता. सोमवारी फोल्डर लघुचित्रांच्या दृश्यात उघडला की समोर येणाऱ्या प्रत्येक पानासाठी विंडोज पूर्ण २५ एमबी वाचते, कारण न आकुंचित केलेल्या टिफमधून लहान चित्र काढण्याचा दुसरा मार्ग नसतो. शंभर पाने सरकवली की अडीच जीबी वाचन झाले, आणि मधे आजारी सेक्टर आला की थांबलेच. रजिस्ट्रीतील नोंदी पुसण्याने तर वेगात मोजता येईल असा काहीही फरक पडत नाही, चुकीची नोंद पुसली जाण्याचा धोका तेवढा राहतो. जागा मोकळी करायची असेल, तेव्हा विंडोजचीच डिस्क क्लीनअप वापरावी आणि तीतही लघुचित्रांपुढील खूण काढून टाकावी.

स्कॅनचे फोल्डर वर्षानुसार आणि महिन्यानुसार वेगळे करावेत आणि त्यांचे दृश्य ‘तपशील’ असे ठेवावे. शोधसूचीतून हा संपूर्ण संग्रह वगळावा, कारण टिफच्या आतला मजकूर शोधता येत नाही आणि फाइलचे नाव व्यवस्थित दिले असेल तर सूचीची गरजही नसते. वाचकांना दाखवण्यासाठी प्रत्येक अंकाची लहान आकाराची पीडीएफ करून ठेवावी. मूळ टिफ रोज उघडण्याची वस्तू नव्हे. एवढ्याने डिस्कवरचा रोजचा भार पुष्कळ उतरतो.

डी ड्राइव्हच्या सूचनेविषयी: एकाच डिस्कचे दोन भाग केले तरी हेड एकच संच असतो. सी आणि डी दोन्हींवर एकाच वेळी काम सुरू असले की तो या टोकाकडून त्या टोकाकडे धावत राहतो. विंडोज एका डिस्कवर आणि संग्रह दुसऱ्या डिस्कवर, ही विभागणी मात्र खरोखर उपयोगी आहे.

डीफ्रॅगमेंटविषयीही थोडे लिहितो, कारण हा उपाय आजही सर्वांना सर्वप्रथम सुचतो. विंडोज हे काम आठवड्यातून एकदा आपोआप करते. स्वयंचलित देखभालीची ठरलेली वेळ मध्यरात्रीनंतर दोनची असते. वाचनालयात रात्री मुख्य बटण बंद होत असेल, तर चुकलेली देखभाल दिवसा संगणक रिकामा दिसला की सुरू होते, आणि दुपारी डिस्कचा दिवा लुकलुकण्याचे एक कारण तेही असू शकेल. विंडोज ७पासून ६४ एमबीहून मोठे तुकडे जोडण्याचा खटाटोपही केला जात नाही. तेवढा तुकडा वाचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, त्यापुढे हेडच्या एका उडीचे बारा-पंधरा मिलिसेकंद नगण्य असतात. निरोगी, पंधरा टक्के तरी मोकळ्या असलेल्या डिस्कवर हे काम विंडोजवर सोपवून निश्चिंत राहावे.

ओसरी

शनिवारी सकाळी सुरू केलेली प्रत रविवारी दुपारी पूर्ण झाली. आपण सांगितलेल्या क्रमानेच केली. नोंदीच्या फाइलप्रमाणे दोन पाने आली नाहीत: एक १९६३च्या मार्चमधील अंकाचे तिसरे पान आणि दुसरे १९७१मधील. १९७१चा खंड शाबूत आहे, ते पान परवाच पुन्हा स्कॅन केले. मोडी कागद सर्वच्या सर्व मिळाले. प्रत झाल्यावर सी५पुढे १८च्या जागी २० दिसत आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने बत्तीस. त्यानंतर संगणक बंदच ठेवला आहे.

कार्यकारिणीने ५०० जीबीची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवर मजकूर साठवणारी डिस्क), ४ जीबी रॅम आणि आतल्या बाजूची २ टीबीची हार्ड डिस्क यांचा खर्च मंजूर केला आहे. १९६३च्या त्या पानासाठी काही करता येईल का? त्या पानावर गावातील पाणीपुरवठा योजनेची बातमी आहे, आणि ती दुसरीकडे कोठेही नाही.

सुतारपक्षी

करता येण्यासारखे आहे, आणि यशाची शक्यता बरीच आहे. नवी २ टीबीची डिस्क पूर्ण कोरी असतानाच हे काम करावे. लिनक्स (विंडोजऐवजी चालवता येणारी मोफत प्रणाली) पेनड्राइव्हवरून सुरू करून डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची सेक्टरगणिक प्रत नव्या डिस्कवर घ्यावी. हा प्रोग्रॅम अडखळणाऱ्या जागा प्रथम सोडून देतो, सहज वाचता येणारे सर्व आधी उतरवून घेतो आणि मग राहिलेल्या जागांकडे वळून त्यांचे लहान लहान तुकडे वाचण्याचा प्रयत्न करतो. कोणती जागा झाली आणि कोणती राहिली याचा नकाशा तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मधे वीज गेली तरी काम तेथून पुढे चालू करता येते. तरीही यूपीएसची बॅटरी आधी बदलावी, आणि स्रोत कोणती डिस्क व लक्ष्य कोणती हे क्षमतेवरून दोनदा तपासावे. ही अदलाबदल झाली तर कोरी डिस्क जुन्या डिस्कवर उतरेल.

आता त्या पानाचा हिशेब करून पाहा. ए-४ पान ३०० डीपीआयला २,४८० गुणिले ३,५०८ बिंदूंचे होते. दर बिंदूला तीन बाइट, म्हणजे एका आडव्या ओळीला ७,४४० बाइट. एक मोठा सेक्टर ४,०९६ बाइटचा. तो अखेरपर्यंत वाचता आला नाही, तरी गमावले जातील फक्त १,३६५ बिंदू, म्हणजे पानाच्या अर्ध्या रुंदीहून थोडी अधिक लांबीची, एका बिंदूच्या जाडीची काळी रेघ. ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक असेल आणि तिने एकही अक्षर वाचायचे राहणार नाही. विंडोज मात्र एका सेक्टरपायी पूर्ण फाइलच नाकारते. आपण टिफ आकुंचित न करता ठेवल्या, याचा येथे फायदा आहे. आकुंचित फाइलमध्ये तेवढ्याच नुकसानीने पुढचा मोठा पट्टा बिघडला असता. अपवाद एकच: तो सेक्टर फाइलच्या मथळ्यात, म्हणजे चित्राची मापे सांगणाऱ्या भागात असेल, तर चित्र सरळ उघडणार नाही. तसे झाल्यास येथे लिहावे, त्याच आकाराच्या दुसऱ्या पानाचा मथळा जोडून ते उघडता येते.

एसएसडीवर जुन्या विंडोजची नक्कल उतरवू नये. खराब जागांपैकी निदान एक-दोन विंडोजच्याच फाइल्समध्ये असाव्यात, म्हणून नव्याने स्थापना करावी. विंडोज १०च्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आहेत आणि २०१६चा प्रोसेसर विंडोज ११च्या मान्य यादीत बसत नाही. तेव्हा आपले स्कॅनर लिनक्सवर चालत असेल, तर लिनक्सचा विचार करण्यास हीच वेळ योग्य आहे. एसएसडीवर डीफ्रॅगमेंट करू नये. विंडोज तिला ओळखून ‘ट्रिम’ (कोणती जागा आता मोकळी आहे याची सूचना) पाठवते, आणि आपल्याकडून वेगळी देखभाल तिला लागत नाही. संग्रहाची कपाटात ठेवायची प्रत मात्र एसएसडीवर न करता हार्ड डिस्कवरच करावी, कारण दीर्घकाळ वीज मिळाली नाही तर एसएसडीतील मजकूर क्षीण होत जातो.

ओसरी

यूपीएसची बॅटरी बदलून, आमच्या एका सदस्यांच्या मुलाच्या मदतीने डीडीरेस्क्यू चालवले. त्याला एक दिवस आणि एक रात्र लागली. १९६३चे पान उघडले. मधल्या स्तंभावर एक बारीक काळी रेघ आहे. मोठे करून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. पाणी योजनेची बातमी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचता येते. ते पान मी आजच तीन ठिकाणी ठेवले आहे.

एसएसडी आणि रॅम काल बसली. संगणक आता पाऊण मिनिटात काम करण्याजोगा होतो. विंडोज एसएसडीवर आहे, संग्रह नव्या हार्ड डिस्कवर वर्षानुसार लावला आहे आणि बाहेरची डिस्क अध्यक्षांच्या घरी राहणार आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती आणून नवीन पाने चढवायची आणि त्याच वेळी दोन्ही डिस्कचे ०५ व सी५ हे आकडे वहीत लिहायचे, असे ठरले आहे. या महिन्याच्या ओळीत चारही ठिकाणी शून्य आहे. जुनी डिस्क काढून, तिच्यावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी आणि तारीख लावून कपाटात ठेवली आहे.